परमनंट माणसाचा नाशिकमधील आढळ

गोदावरीकाठच्या समाजजीवनाचा अभ्यास करणाऱ्यांनी घाट, देवळे, द्राक्षे आणि कांदा यांवर विपुल लिहिले असले, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिक शहरात मोठ्या संख्येने आढळणाऱ्या ‘परमनंट’ या मानवप्रकाराची म्हणावी तशी दखल कोणी घेतलेली दिसत नाही. परमनंट म्हणजे ज्याला आपल्या निवृत्तीची तारीख रुजू होण्याच्या दिवशीच ठाऊक असते आणि मधल्या तीस-पस्तीस वर्षांत दुसरीकडे जाण्याचा विचार ज्याच्या मनाला शिवत नाही, असा माणूस. अभ्यासकांनी केली नाही ती कामगिरी वधूपित्यांनी केली, आणि त्यांचे वर्गीकरण प्राणिशास्त्रज्ञाने हेवा करावा इतके काटेकोर होते. नाशिकरोडचे ‘प्रेसवाले’, ओझरचे ‘एचएएलवाले’ आणि सातपूरचे ‘मायकोवाले’ हे तीन वरचे वर्ग. वकील, प्राध्यापक, दुकानदार आणि स्वतःचा काही उद्योग करू पाहणारे होतकरू तरुण हे सर्व ‘पत्रिका जुळत नाही’ या चौथ्या वर्गात.

यांपैकी प्रेस सर्वांत जुनी. हिंदुस्थानची टपाल तिकिटे पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. ते काम १९२५ च्या सुमारास नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसकडे आले, आणि १९२८ मध्ये तेथेच करन्सी नोट प्रेस उभी राहून पाच रुपयांच्या नोटेपासून चलनाची छपाई सुरू झाली. इतर माणसे पैसा मिळवण्यासाठी कामाला जातात, येथील माणसे पैसा तयार करण्यासाठी जात. तरीही दिवसभरात हजारो नोटा हाताखालून गेलेला कामगार संध्याकाळी दारावर झडती देऊन बाहेर पडे आणि महिनाअखेरीस वाण्याकडे खाते वाढवून मागे, यात त्याला किंवा वाण्याला कोणतीही विसंगती जाणवत नसे. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा बाद झाल्या, तेव्हा याच कामगारांनी रजा बाजूला ठेवून नव्या नोटा छापल्या आणि पाळी सुटल्यावर त्याच नोटांसाठी एटीएमच्या रांगेत जाऊन उभे राहिले. निष्ठेची याहून शुद्ध कसोटी एखाद्या पुराणातही सापडणे कठीण आहे.

मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. डिझेल इंजिनाला इंधनाचा फवारा देणारे इंजेक्टर आणि नोझल या बारीक पण महत्त्वाच्या वस्तू तेथे बनत. २००८ मध्ये या कंपनीने आपले नाव बदलून आपल्या जर्मन मूळ कंपनीचे, म्हणजे बॉशचे, नाव धारण केले; परंतु त्र्यंबक रस्त्यावरील चौकाला ही गोष्ट कोणी कळवली नाही, त्यामुळे तो आजही मायको सर्कलच आहे आणि रिक्षावाल्याला दुसरे कोणतेही नाव सांगून पाहण्यात अर्थ नाही. कंपन्या आपल्या नाममुद्रेविषयी ग्राहकाच्या मनात निष्ठा निर्माण व्हावी म्हणून सल्लागारांना मोठमोठ्या रकमा देतात. येथे ती निष्ठा आपोआप निर्माण झाली होती आणि ती नेमकी टाकून दिलेल्या नावाला जाऊन चिकटली, हा नाममुद्रांच्या शास्त्रातील एक दुर्लक्षित नियम मानावा लागेल.

परमनंट माणसाच्या निष्ठेची मुळे त्याच्या स्वभावात होती, असे त्याचे निवृत्त रूप आज सकाळच्या फेरीत सांगत असते. ते पूर्णपणे खरे नाही. कंपनीची बस ठरावीक मिनिटाला नाक्यावर येई आणि तिच्यावर आळीतली घड्याळे लागत. कॅन्टीनमध्ये नाममात्र दरात जेवण मिळे. कामगारांच्या पतसंस्थेतून, म्हणजे सर्वजण ज्या संस्थेला ‘सोसायटी’ एवढेच म्हणत तिच्यातून, मुलीच्या लग्नापासून पाण्याच्या टाकीपर्यंत कशालाही कर्ज निघे आणि ते फिटेपर्यंत नोकरी सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात दर काही वर्षांनी वेतनाचा ‘करार’ होई, व त्याच्या फरकाची रक्कम हाती पडली की सिडकोतल्या घरांवर एकेक मजला चढे. शहराच्या नव्या भागाचा विकास आराखडा नगररचनाकारांनी केला की कामगार संघटनांनी, हा प्रश्न म्हणून विचारण्याजोगा आहे. शिवाय कायद्याने निष्ठेचे माप ठरवून दिले होते. १९७२ च्या उपदान कायद्याप्रमाणे, म्हणजे सर्वत्र ग्रॅच्युइटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याप्रमाणे, सलग पाच वर्षे सेवा केलेल्या माणसाला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देय होई. थोडक्यात, एका वर्षाची निष्ठा बरोबर पंधरा दिवसांची, आणि पाचव्या वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याची निष्ठा शून्य.

आणि दुसरीकडे जाण्यासारखे फारसे काही नव्हते, ही बाबही नजरेआड करता येत नाही. चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबलेला आणि दूरध्वनीच्या जोडणीसाठी त्याहूनही चिकाटीने थांबलेला ग्राहक हा निष्ठावंत ग्राहकच होता. त्याला सोडून जाण्यासाठी दुसरा दरवाजा उपलब्ध नव्हता, एवढेच. ओझरच्या कारखान्याचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, हा विभाग मिग-२१ या लढाऊ विमानाच्या बांधणीसाठी स्थापन झाला. हे विमान १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झाले होते आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. विमान बांधणारा कामगार वयाच्या साठाव्या वर्षी नारळ घेऊन घरी जाई. विमान मात्र बासष्टाव्या वर्षापर्यंत कामावर येत राहिले, तेही मुदतवाढीसाठी कोणाचा वशिला न लावता. या दीर्घ सेवेची जबर किंमत अनेक वैमानिकांनी मोजली, आणि ती लांबण्याचे एक कारण हेच होते की त्याची जागा घेणारे विमान वेळेवर तयार झाले नाही. तेव्हा दीर्घ सेवेमागे सद्गुण किती आणि बदली माणूस न मिळणे किती, याची फोड केल्याशिवाय सत्कार समारंभ ठरवू नये.

तरीसुद्धा सहा दशके त्या विमानाचे सुटे भाग मिळत राहिले, दुरुस्ती होत राहिली, सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. त्याच शहरात महात्मा गांधी रोडवर तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेला मोबाइल फोन दुरुस्तीला नेणाऱ्या ग्राहकाला काउंटरवरचा मुलगा ज्या करुणेने ‘काका, याचं आता काही येत नाही’ असे सांगतो, ती करुणा एरवी अतिदक्षता विभागाबाहेरच पाहावयास मिळते. फोन बिघडलेला नसतो. त्याच्या कंपनीने त्याला ‘अपडेट’ देणे थांबवलेले असते, म्हणजे यंत्राच्या आत चालणारी प्रणाली वेळोवेळी सुधारून पाठवण्याची सेवा बंद केलेली असते, आणि मग एकेक अॅप त्याच्यात चालण्यास नकार देऊ लागते. स्वनाच्या वेगाच्या दुप्पट वेगाने उडणारे यंत्र साठ वर्षे सांभाळता येते आणि खिशात बसणारे यंत्र पाच वर्षे सांभाळता येत नाही, यामागे अभियांत्रिकीची अडचण कमी आणि पुढच्या दिवाळीचा सेल अधिक आहे, हे समजण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही.

अशा शहरातील परमनंट माणसांच्या मुलांनी संगणक अभियांत्रिकीच्या पदव्या घेतल्या आणि नाशिकमध्ये आयटी येण्याची वाट पाहिली. ‘नाशिकमध्ये आयटी येणार’ हे वाक्य मराठीतील अखंड भविष्यकाळाचे उदाहरण म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात घालण्यास हरकत नाही. काही कंपन्या आल्या, काही येथेच जन्मल्या, पण पदवीधरांची संख्या त्यांच्या पुढेच राहिली. परिणामी बहुसंख्य मुले हिंजवडीला गेली, आणि शुक्रवारी रात्री पुण्याहून सुटून सिन्नरच्या घाटाअलीकडे झोपमोड करणाऱ्या बसगाड्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. या मुलांच्या नोकरीत परमनंट हा शब्द नाही. त्याऐवजी तेथे ‘नोटीस पीरियड’ आहे, म्हणजे नोकरी सोडण्याचे कळवल्यानंतरही जेवढे दिवस ती करावी लागते तो काळ, आणि आयटी क्षेत्रात तो पुष्कळदा नव्वद दिवसांचा असतो. तीन महिन्यांत कांदा लावणीपासून काढणीच्या जवळ येतो. या मुलाचा मात्र नुसता निरोप समारंभ चालू असतो.

त्याच्या जोडीला ‘बाँड’ असतो. ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरावी लागेल, असे कर्मचाऱ्याकडून आधीच लिहून घेतलेले हे निष्ठापत्र. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत दुसऱ्या बँकेत गेलेल्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची अट वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला, आणि सार्वजनिक बँकेला भरतीसाठी करावा लागणारा खर्च पाहता तो समजण्यासारखाही आहे. अडचण एवढीच की असे लिहून घेण्याची प्रथा साधारणपणे एकाच दिशेने वाहते. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या सहा लाखांवर असलेल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. ही संख्या एकूण पाहता मोठी नव्हे. पण ‘टाटामध्ये लागला’ हे वाक्य उच्चारून ज्या पिढीने पेढे वाटले होते, तिला पेढ्यांची रक्कम परत मिळण्याची कोणतीही तरतूद नसल्याचे त्या दिवशी कळले. अनेक कंपन्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे सांगतात. मराठी माणसाला कुटुंबाची पूर्ण कल्पना असल्याने तो तेव्हाच सावध व्हायला हवा, कारण कुटुंबातून वेगळे निघताना निदान जमिनीची मोजणी होते, भाऊबंद बसतात, आणि तलाठ्याला बोलावले जाते. ईमेल पाठवून लॅपटॉप मागून घेतला जात नाही.

कर्मचाऱ्याकडून मागितली जाते तीच निष्ठा आता ग्राहकाकडूनही मागितली जाते, आणि तिचे मोजमाप ‘लॉयल्टी पॉइंट’ या एककात होते. दर शंभर-दोनशे रुपयांच्या खरेदीमागे जमा होणारे हे गुण असतात. ते वापरण्याची वेळ येण्याच्या आदल्या दिवशी त्यांची मुदत संपते. या निष्ठेचे खरे मोल ग्राहक सोडून निघाला म्हणजेच कळते. २० जानेवारी २०११ पासून देशभरात मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय, म्हणजे ‘पोर्टिंग’, सुरू झाली. दहा वर्षे वेळेवर बिल भरणाऱ्या ग्राहकाला कंपनीचा माणूस कधी भेटत नाही, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे सांगणारे यंत्रच भेटत राहते. पण त्याने १९०० या क्रमांकावर पोर्टिंगचा संदेश पाठवला रे पाठवला, की तासाभरात एक अत्यंत मृदू मानवी आवाज त्याला नावाने हाक मारतो, काय चुकले ते विचारतो आणि निम्म्या दरातली योजना पुढे करतो. याचा अर्थ निष्ठावंतासाठी पूर्ण दर आणि फितुरासाठी सवलत, असा होतो. इतिहासात अशा दरपत्रकावर चाललेली राज्ये फार टिकलेली नाहीत, परंतु कंपन्या उत्तम चालतात, कारण फितूर होऊन जाण्याच्या ठिकाणीही हेच दरपत्रक लावलेले असते.

ग्राहकाने संघटित व्हावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा व्हायला बारा वर्षे होती. त्या काळचा दुकानदार मापात मारी आणि भेसळ करी, म्हणजे फसवणुकीला वजन आणि रंग होता. आताची फसवणूक पडद्यावरच्या मांडणीत असते. तिला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात, म्हणजे ग्राहकाच्या हातून त्याला नको असलेली कृती घडावी अशा बेताने केलेली बटणांची व मजकुराची रचना, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिचे तेरा प्रकार नावानिशी सांगून ते निषिद्ध ठरवले. न मागितलेली वस्तू किंवा देणगी हळूच यादीत सरकवणे हा त्यांतला एक. वर्गणी घेताना एक बटण आणि बंद करताना सतरा पायऱ्या ठेवणे हा दुसरा. नकार देणाऱ्याला ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशा शब्दांच्या बटणावर बोट ठेवायला लावून लाजवणे हा तिसरा. ‘फक्त दोनच शिल्लक’ असे खोटेच दाखवून घाई करणे हा प्रकार मात्र यादीत पाहून मेनरोडवरच्या जुन्या साडीवाल्यांना गंमत वाटली असेल, कारण ‘ताई, हा शेवटचाच पीस’ हे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. फरक इतकाच की त्या वाक्यावर ताईंनी विश्वास ठेवावा अशी त्यांचीही अपेक्षा नसे.

या सर्व कंपन्यांचा दावा एकच असतो, की त्या ग्राहकाला ओळखतात. दावा खोटा नाही. त्याने काल रात्री कोणत्या चपला पाहिल्या आणि घेतल्या नाहीत, हे त्यांना तोंडपाठ असते. तक्रार करण्यासाठी तोच ग्राहक फोन करतो, तेव्हा मात्र त्याला नाव, जन्मतारीख, नोंदणीकृत क्रमांक आणि चार आकडी ओटीपी सांगावा लागतो, आणि कॉल दुसऱ्या विभागाकडे वळवला की पुन्हा पहिल्यापासून. विकताना लखलखणारी स्मरणशक्ती ऐकून घेताना एकाएकी जाते. हा विकार वैद्यकशास्त्रात नोंदलेला नसला, तरी नाशिकमध्ये त्याची तुलना करण्यासाठी एक उत्तम निरोगी नमुना उपलब्ध आहे.

तो नमुना म्हणजे नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या. यात्रेला अथवा पितरांच्या कार्याला आलेल्या कुटुंबांची वंशवार नोंद ज्यांत होत आली, त्या या वह्या. आलेल्या माणसाने आडनाव आणि मूळ गाव सांगितले, की त्या गावाचे उपाध्ये कोण हे पंचवटीत कोणीही दाखवते. मग ते गुरुजी गावाच्या आणि कुळाच्या क्रमाने लावलेले बाड काढतात आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाबरोबर, कशासाठी आले होते हे त्यांच्याच हातच्या ओळीनिशी समोर ठेवतात. जुने लेख बहुधा मोडी लिपीत असतात, ही तिऱ्हाइताच्या दृष्टीने गोपनीयतेची पुरेशी हमी होती. ओटीपी नाही, पासवर्ड नाही, आणि ‘आपले सत्र संपले आहे, पुन्हा प्रवेश करा’ असे कोणी म्हणत नाही. आधुनिक भाषेत ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील दुसऱ्याच्या संगणकात आपली माहिती ठेवण्याची भाडेपद्धती, तीही नाशिकला परकी नाही. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ईएसडीएस या येथल्याच कंपनीचे डेटा सेंटर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि शालिमारजवळच्या नाट्यगृहाला ज्याचे नाव आहे त्या कालिदासाला मेघाचा हा पत्ता कळला असता तर त्या मेघाचा बराच प्रवास वाचला असता. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी मूळचे नाशिकचे आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम झाला, त्यातून गर्दी आणि आरोग्य यांविषयीच्या अनेक कल्पना पुढे आल्या, आणि पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी एक चटई तयार झाली. चटईला किती पाय आले ते कळे. कोणाचे आले ते गुरुजींना.

नामावळीची स्तुती करताना तिच्या अटी व शर्ती वाचण्याचे मात्र टाळता येत नाही. यजमान ही उपाध्यायाची वृत्ती, म्हणजे वारसाहक्काने चालणारी मिळकत, मानली गेली. भावाभावांत गावे वाटली गेली आणि यजमान कोणाचा यावरून तंटे झाले. यजमान गुरुजींना निवडत नसे. तो जन्मतःच कोणाच्या तरी वहीत पडलेला असे, आणि पोर्टिंगची सोय तेथे आजही नाही. आठवण ठेवणारी संस्था आणि सोडू न देणारी संस्था या फार वेळा एकच निघतात, हे प्रेसपासून पंचवटीपर्यंत सर्वत्र दिसते. नव्या कंपन्यांनी यातला सोडू न देण्याचा भाग कुशलतेने आत्मसात केला. आठवण ठेवण्याचा भाग खर्चिक असल्यामुळे तो यंत्रमानवाकडे सोपवला.

परमनंट माणसाच्या अखेरच्या अवस्थेत हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. प्रेसच्या जुन्या, केंद्र सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्या कामगाराला दरवर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल पद्धत आहे आणि अलीकडे फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही काम होते. यंत्र पापण्या मिटा-उघडायला सांगते, आणि मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झालेले गृहस्थ घराच्या गॅलरीत कोवळ्या उन्हात उभे राहून आज्ञेप्रमाणे डोळे मिचकावतात. पुष्कळदा माणूस हयात असतो पण फोन नसतो, कारण त्याचे अपडेट बंद झालेले असते. अशा वेळी सत्तर रुपयांत पोस्टमन घरी येऊन हे काम करतो. तो या घरी वीस वर्षे येत असतो, काकांना नावाने हाक मारतो, गुडघा कसा आहे ते विचारतो, चहा घेतो, आणि मग काका जिवंत आहेत की नाहीत हे पिशवीतल्या यंत्राला विचारतो. आयुष्यभर कागद हाताळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असल्याने अंगठा पहिल्या खेपेस ओळखला जात नाही. मग तर्जनी, मग मधले बोट, मग दुसरा हात, असे करता करता दहांतले एखादे बोट जिवंत निघते आणि पुढच्या नोव्हेंबरापर्यंतची सोय होते.